खुळखुळ्यातलं पाखरू

रस्त्यात कुणी रामराम घातला, की आमचे घरमालक उत्तर देण्याआधी समोरच्याच्या धोतराकडे बघायचे. धोतराला चिकटलेलं कुसळ दोन बोटांनी उपटायचे, उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "बरडावरून आलात. नाल्याच्या अलीकडून." निम्म्या वेळा ते बरोबर असायचं. चुकलं, तर राग समोरच्यावर निघायचा. "मग हे कुसळ तुमच्या धोतराला आलंच कसं?" असं ते इतकं दरडावून विचारत, की गरीब बिचारा माणूस कबूल करून टाकायचा, "हाव साहेब, गेलो असन बरडावर."

डोणगावात त्यांना सगळे 'ढोरडॉक्टर' म्हणत. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारात त्यांची सगळी नोकरी गुरांच्या दवाखान्यांत गेली होती. महाराष्ट्र झाला त्याच सुमारास ते पेन्शनीत निघाले आणि बायकोच्या माहेरच्या गावी घर बांधून राहिले. अंगानं उंच, काटकुळे. डोक्यावर साहेबी टोपी, हातात दांड्याला बांधलेली जाळी. ती जाळी काकूंच्या लग्नातल्या मच्छरदाणीची होती, आणि उरलेल्या मच्छरदाणीला त्यामुळे खिडकीएवढं भोक होतं. काकू, म्हणजे त्यांच्या बायको, म्हणायच्या, "मच्छर आत येतात आन् हे पाखराईच्या मांगं बाहीर जातात."

मी तिथे कन्याशाळेत मास्तरीण म्हणून नवीनच लागले होते. अकोल्याहून ट्रंक घेऊन आले आणि त्यांच्याकडे खोल्या रिकाम्या आहेत असं कळल्यावर दारात उभी राहिले. भाडं, जातपात, माहेर, काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच : "फुलपाखरू आणि पतंग यांत फरक काय?"

"फुलपाखरू दिवसा उडतं, पतंग रात्री," मी म्हटलं. शाळेच्या पुस्तकात तेच होतं.

"चूक! खोली मिळणार नाही."

आतून काकू आल्या, माझी ट्रंक उचलली. "ये व माय, आत ये. त्याईचं काय आयकतं? मले पाह्याले आले तवाबी यायनं असंच इचारलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं अंगावर येत होती तेव्हा ते मला गावाबाहेरच्या ई-क्लासात घेऊन गेले. ई-क्लास म्हणजे गावची सरकारी चराईची जमीन. मुरमाड उतार, कमरेइतकं गवत आणि अधूनमधून पिवळ्या फुलांची झुडपं. डॉक्टर पुढे, काठीनं गवत हलवीत. एका पावलावर काहीतरी पांढरं फडफडलं, चार हात उडालं आणि पुन्हा गवतात बुडालं. मी फुलपाखरू म्हणाले. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मला खाली बसवलं.

गवताच्या काडीवर ते डोकं खाली करून बसलं होतं. पंख अंगाभोवती घट्ट गुंडाळलेले, बिडीच्या पानासारखे. दुधाळ पांढऱ्या अंगावर कुंकवाचे ठिपके आणि त्यांच्या मधून काजळाचे. इतकं नटलेलं काही त्या वाळक्या गवतात असेल, हे मला कधी सुचलंच नसतं.

"मिशा बघा," ते कुजबुजले. "फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते. इथं आहे का? नाही. साधा दोरा. म्हणजे पतंग. दिवसाढवळ्या हिंडणारा पतंग. आता का हिंडतो ते बघा."

त्यांनी ते चिमटीत धरलं, अगदी बाळाचा कान धरावा तसं. पाखरानं धडपड केली नाही. डोक्यामागून, मानेपाशी, पिवळट फेसाचे बुडबुडे आले. डॉक्टरांनी तो फेस करंगळीवर घेतला, जिभेला लावला, डोळे मिटले आणि थुंकले. मग करंगळी माझ्यापुढे केली. "चाखा."

मला खोली हवी होती. मी चाखलं. दुपारच्या जेवणापर्यंत जीभ कडू राहिली होती.

"अळी असताना हे खुळखुळ्याच्या शेंगा खातं," ते म्हणाले. "ती पिवळी फुलं दिसतात ना, तो खुळखुळा. वाळला की शेंग वाजते, म्हणून खुळखुळा. बी विषारी. ते विष ही अळी पोटात साठवते आणि मोठी होऊन अंगावर ठिपके घालून उघड फिरते. ज्याला खायचं त्यानं खावं!"

त्यांना त्या पाखराची दोनच नावं माहीत होती. एक होतं लॅटिन, युटेथिसा. ते डॉक्टर देवाचं नाव घ्यावं तसं घेत. दुसरं त्यांना गावाकडून हवं होतं. गुराख्यांना, गवत कापणाऱ्या बायांना धरून धरून ते विचारत, "याला तुम्ही काय म्हणता?" सगळ्यांचं उत्तर एकच : "पाखरू."

"अरे, पण कोणतं पाखरू?"

"पाखरू म्हन्जे पाखरूच ना बाप्पा. अजून काय राहीन?"

यावर त्यांचं रक्त उसळायचं. "तुझ्या पोराचं नाव 'पोरगं' ठेवलंस का?" असं विचारत ते घरी यायचे आणि काकूंना जेवायला वाढू द्यायचे नाहीत.

एकदा मी वर्गात कविता शिकवत होते. डॉक्टर सरळ आत आले, टोपीसकट. "बाई, वर्ग थांबवा. बोरीवर कोळ्याच्या जाळ्यात सापडलंय." मी काही म्हणायच्या आत पोरी बाहेर! शाळेमागच्या कुंपणावर बोरीच्या झुडपात मोठं चाकासारखं जाळं होतं, आणि त्यात तेच पाखरू पंख पसरून अडकलं होतं. कोळी मधोमध. जाळं हललं तसा तो धावत आला. कोळ्यानं पाखराला पुढच्या पायांनी चाचपलं, वरून खालून, एखादा कापडवाला ठाण बघतो तसं. मग तो मागे सरला. आणि एकेक तंतू तोडू लागला. या बाजूचा, त्या बाजूचा. शेवटचा तुटला तसं पाखरू गवतात पडलं, अंग झाडून उडालं. कोळी जाळ्याचं भोक सांधायला लागला.

मग एका पोरीनं विचारलं, "सोडलं काऊन त्यानं?"

"विषारी आहे म्हणून."

"पन त्याले कसं समजलं, खाल्ल्याबिगर?"

डॉक्टरांचा चेहरा असा उजळला, जणू कुणी त्यांना शाल पांघरली. "मला माहीत नाही," ते म्हणाले. "इतकी वर्षं बघतोय. मला अजून माहीत नाही!"

मुख्याध्यापिकाबाईंनी त्या दिवशी मला बोलावून घेतलं आणि वर्ग सोडल्याबद्दल झापलं. मी ऐकून घेतलं. डोळ्यांपुढून तो कोळी जात नव्हता.

पाखरांचा नाद त्यांना कसा लागला, ते काकूंनी मला सांगितलं. तरुणपणी त्यांच्या ताब्यात सरकारी घोड्या होत्या. एका हिवाळ्यात त्या घोड्यांना काहीतरी झालं. सरळ चालत सुटायच्या आणि भिंत आली तरी थांबायच्या नाहीत. एकेक करून मेल्या. साहेबांनी डॉक्टरांना विचारलं, घोड्या सांभाळणाऱ्या मोतद्दारांना विचारलं; कारण सापडलं नाही. डॉक्टर मात्र त्या कुरणात रोज जाऊन बसायचे. तिथे त्यांना हे ठिपक्यांचं पाखरू दिसलं, मग त्याची अळी, मग अळी खात होती ते झुडूप. "घोड्याईचं दुख त्यायनं मनातून काढलं नाही," काकू म्हणाल्या. "पाखराले धरून बसले."

माझ्या तिथल्या तिसऱ्या वर्षी पाऊस उशिरा आला आणि लवकर गेला. ज्वारी खुजी राहिली. त्या दिवाळीनंतर, एका रविवारी सकाळी, करीमभाई आमच्या ओट्यावर आले.

करीमभाई दोन कोसांवरच्या एका खेड्यात राहायचे. मेलेल्या गुरांची कातडी घ्यायची, कमवायची आणि मोटेला, चपलांना विकायची, हा त्यांचा बापापासूनचा धंदा. डॉक्टरांशी जुनी ओळख. एरवी ते आले की आधी काकूंना सलाम, मग पाणी, मग गप्पा. त्या दिवशी ते उभेच राहिले.

"साहेब, मले उद्या दुपारपावतो घर खाली कराले सांगतलं."

"कुणी?"

"गावानं. पाटलाचे बैल मरून राह्यले. एक गेला, दुसरा गेला, आता तिसरा पडला. लोक म्हन्तात, करीमनं सुई टोचली, कातड्यासाठी. माही पोरगी बायतपनाले आली हाय, साहेब. दिवस भरले तिचे. तिले घेऊन कुठी जाऊ?"

चामड्यासाठी जनावरांना विषाची सुई टोचतात ही गोष्ट तेव्हा खेडोपाडी बोलली जायची, आणि एकदा ती कुणाच्या नावाला चिकटली की निघत नसे. डॉक्टर आत गेले आणि आपली चामडी पेटी घेऊन आले. काकू मला म्हणाल्या, "तू जाय संगं. यायले राग आला म्हन्जे हे इंग्रजीत बोलतात. गावाले समजत नाही अन् भांडन वाढते."

छकड्यातून निघालो. त्या गावाचं ई-क्लास लागलं तसे डॉक्टर छकडं थांबवून उतरले. गवत यंदा विरळ, घोट्याएवढं. पण खुळखुळा माजला होता, वाळून तपकिरी झालेला, शेंगांनी लटकलेला. डॉक्टर दहाएक पावलं आत गेले आणि मी बघतच राहिले. त्यांच्या पायांपासून पाखरं उठली. आमच्या कुरणात एक दिसलं तरी ते थांबायचे. इथे ती मुठीनं चुरमुरे उधळावेत तशी उठत होती, चार हात जाऊन बसत होती, पुन्हा उठत होती. डॉक्टर मधोमध उभे. मला वाटलं आता ते हसतील. ते हसले नाहीत. एक झुडूप मुळासकट उपटून छकड्यात टाकलं आणि करीमभाईंना विचारलं, "पाटलानं वैरण कुठून कापली?"

"इथूनच, साहेब. आश्विनात. यंदा कडबाच नाही कोनापाशी."

पाटलाच्या गोठ्यापुढे माणसं जमली होती. दौलतराव पाटील मोठे जमीनदार, त्यांच्या शब्दाला वजन. पण त्या सकाळी ते बैलाच्या तोंडापाशी मातीत बसले होते आणि त्याच्या कपाळावरून हात फिरवत होते. पांढरा, शिंगं कोरलेला, जातिवंत बैल. मान टाकलेला.

डॉक्टरांनी त्याच्या डोळ्याची पापणी ओढली. आतलं पांढरं हळदीसारखं पिवळं होतं. त्यांनी पोट दाबलं, कान लावला आणि उठले.

"पाटील, हा जगणार नाही. त्याच्या शेजारचा जगेल, जर आत्ता, या घटकेला त्याच्यापुढचं गवत काढलंत तर."

"गवताचं काय?" पाटील वर बघून म्हणाले. "बैल काय आज गवत खाऊन राह्यले? ज्यानं केलं त्याले तुमी संगं घेऊन आले."

गर्दीतून कुणीतरी करीमभाईंना शिवी दिली. डॉक्टरांनी तिकडे पाहिलं नाही. "हा मेला की मी इथंच फाडणार. सगळ्यांच्या समोर. तोवर करीमच्या घराला कुणी हात लावायचा नाही. लावायचा असेल तर आधी माझ्याशी गाठ आहे, कारण मी तिथंच बसतोय."

आणि ते खरोखरच करीमभाईंच्या ओट्यावर जाऊन बसले. पेटी उशाशी, जाळी दाराला टेकवलेली. माझ्याकडून काकूंना निरोप पाठवला : "उद्या येईन, धोतर पाठव."

दुसऱ्या दिवशी मी शाळेला न जाता काकूंबरोबर पुन्हा तिथे गेले. बैल पहाटे मेला होता. निंबाखाली सगळं गाव उभं होतं. डॉक्टरांनी धोतर खोचलं, बाह्या सारल्या आणि स्वतः सुरी घेतली. ब्राह्मणाचा माणूस मेलेलं ढोर फाडतोय हे बघून म्हातारी माणसं तोंड फिरवत होती, आणि पुन्हा वळून बघत होती.

आधी त्यांनी कातडं सोललं. हे काम करीमभाईंनी चुटकीसरशी केलं असतं. पण डॉक्टरांनी त्यांना जवळ येऊ दिलं नाही. कातडं उलटं करून पाटलांच्या पायांपुढे पसरलं. "शोधा. सुईचं भोक, रक्ताची गाठ, काय सापडतं ते शोधा. वेळ घ्या."

पाटील वाकले. त्यांच्याबरोबर आणखी चार माणसं वाकली. कुणी बोटांनी चाचपलं, कुणी उजेडाकडे धरलं. काही सापडलं नाही.

मग डॉक्टरांनी काळीज, म्हणजे यकृत, काढलं. पाण्यात भिजून वाळलेल्या वहाणेसारखं ते कडक आणि आखडलेलं होतं. सुरी चालवली तर करकरलं. मग पोट. अर्धवट चावलेल्या गवताच्या लगद्यातून त्यांनी चिमटीनं चमकदार तपकिरी बिया वेचल्या आणि पाटलांच्या तळहातावर ठेवल्या.

"हे काय हाय?"

"चला, दाखवतो."

ते तसेच, रक्ताच्या हातांनी, वैरणीच्या गंजीपाशी गेले. सगळे मागोमाग. डॉक्टरांनी एक पेंढी ओढली, कानापाशी धरली आणि हलवली.

खुळखुळ, खुळखुळ.

दुसरी ओढली. खुळखुळ. तिसरी पाटलांच्या हातात दिली. पाटलांनी ती हलवली, थांबले, पुन्हा हलवली. पाटलांनी पेंढी सोडली. ती उलगडली तसं एक पांढरं, कुंकवाच्या ठिपक्यांचं पाखरू तिच्यातून निघालं आणि गंजीवर जाऊन बसलं.

"हिरवा असताना गुरं त्याला तोंड लावत नाहीत," डॉक्टर आता हळू आवाजात बोलत होते. "दरसाल गवत जास्त, हा कमी. यंदा गवत नाही, हाच आहे. त्यातून तुम्ही कुट्टी करून घातलीत. जनावर निवडणार कसं? काल येताना तुमच्या ई-क्लासात मला हे पाखरू दिसलं, तेव्हाच कळलं. ते खोटं बोलत नाही."

पाटील गंजीकडून करीमभाईंकडे वळले. मग म्हणाले, "करीम, ये. चहा घे."

करीमभाई जागचे हलले नाहीत. "चहा नोको, पाटील. माह्या पोरीले येऊन सांगा, घर सोडाचं नाही म्हनून. तुमच्या तोंडानं सांगा. तिनं कालपासून पान्याचा घोट घेतला नाही."

आणि दौलतराव पाटील, ज्यांच्या दारात लोक चपला काढून उभे राहत, करीमभाईंच्या दारापर्यंत चालत गेले. उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "बाई, घर तुमचंच हाय. आमची चूक झाली. जेवून घ्या."

काकू आत गेल्या त्या पोरीला जेवू घालूनच बाहेर आल्या. पाटलाचा चौथा बैल जगला. पुढे तो औताला लागला नाही, पण जगला.

इथे गोष्ट संपली असं मला वाटलं होतं. पण आठच दिवसांनी पाटलांचा निरोप आला : ई-क्लासातला सगळा खुळखुळा काढायचा गावानं ठरवलंय, कसा काढायचा ते डॉक्टरांनी येऊन सांगावं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते वर्षानुवर्षं जे शोधत होते, ते इतक्या संख्येनं त्यांना त्या एकाच जागी सापडलं होतं.

ते गेले. बाया, गडी, सगळं गाव विळे-कुदळी घेऊन उभं होतं. डॉक्टर म्हणाले, "विळा नको. मुळासकट. आणि अलगद, शेंग फुटू देऊ नका, नाहीतर पुढल्या साली दुप्पट होईल." मग वाकून पहिलं झुडूप त्यांनी स्वतः उपटलं. दुसरंही. उतारभर माणसं उपटत होती आणि पाखरं उठत होती. बायांच्या पदरांवर बसत होती, पाट्यांवर, डॉक्टरांच्या खांद्यावर. त्यांनी एकही हातानं उडवलं नाही. शेंगांवर अळ्या होत्या, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, अंगावर नारिंगी ठिपके. त्यांनी एकही उचलून खिशात घातली नाही. संध्याकाळ व्हायच्या आत ढीग पेटवला. ते तोंड वळवून छकड्यात बसले. घरी जेवले नाहीत. काकू म्हणाल्या, "राहू दे, आज त्याईले काही म्हनू नको." त्या हिवाळ्यात त्यांनी जाळीला हात लावला नाही. मला हे माणसाचं मोठेपण आहे असं तेव्हा नुसतं वाटलं होतं. आता वय झाल्यावर त्याची भीतीच वाटते. आपल्याला जमलं असतं का, अशी.

पुढल्या पोळ्यानंतर करीमभाई सायकल दामटत आले. "साहेब, चला. काही दाखवाचं हाय." काय ते सांगेनात. डॉक्टर कंटाळत उठले, मीही गेले.

करीमभाईंच्या घरामागे कातडी भिजवायच्या कुंडांपलीकडे एक पडीक पट्टी होती. वासामुळे तिथे जनावर फिरकत नसे. तिला चारी बाजूंनी बोराटीचं दाट कुंपण घातलेलं. आत पिवळ्या फुलांनी डवरलेला खुळखुळा उभा होता.

"त्या दिवशी ढिगातून मूठभर बी ठुलं होतं," करीमभाई म्हणाले. "ढोरं येत नाहीत इथी, पाटलाले इचारून घेतलं. पन साहेब, झाडं त आली, पाखरू येत नाही. मी रोज पाह्यतो. काही चुकलं काय माहं?"

डॉक्टरांनी टोपी माझ्या हातात दिली, कुंपणाला माणूस सरपटत जाईल एवढी फट केली आणि सदरा फाटायची पर्वा न करता पोटावर आत सरकले. एका झुडपाखाली थांबले. पान उलटं केलं. दुसरं केलं. तिसऱ्याशी त्यांचा हात तसाच राहिला.

"करीम," ते म्हणाले, "इकडे ये. हळू."

करीमभाई फटीतून आत गेले आणि त्यांच्या शेजारी पालथे झाले. मी बाहेरून वाकून पाहिलं तेव्हा पानाच्या मागे राजगिऱ्याएवढे पिवळट दाणे ओळीनं चिकटवलेले दिसले : पाखराची अंडी. कुठल्या कुरणातून, किती कोसांवरून ती आई आली असेल, आणि या चामड्याच्या वासात हे एवढंसं रान तिला कसं सापडलं असेल!

तेवढ्यात करीमभाईंची मुलगी कडेवर लेकरू घेऊन मागच्या दारात आली. "अब्बा, काय हाय तिथी?"

कुंपणाच्या फटीतून दोघांचे पाय तेवढे बाहेर होते, एक जोडी उघडी, एक जोडी बूटमोज्यांतली. आतून करीमभाईंचा आवाज आला, "लेकराले घेऊन ये. पन हळू ये."